गाडीची बॅटरी सुरक्षितपणे कशी काढावी? आधी वजा, मग अधिक – पण का?



मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्यापैकी बरेच जण महिनाभर गावी जातात आणि गाडी सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या शेडमध्ये उभी राहते. जूनमध्ये परत आल्यावर किल्ली फिरवली की नुसता 'टक टक' आवाज येतो, इंजिन काही सुरू होत नाही. मग शेजारचे काका सांगतात, "अहो, जाताना बॅटरी काढून ठेवायची ना!"

सल्ला चुकीचा नाही. पण बॅटरी काढायची म्हणजे नेमकं काय करायचं, कोणती वायर आधी काढायची, आणि काढल्यावर गाडीतल्या घड्याळाचं, खिडक्यांचं, कॉम्प्युटरचं काय होतं, हे मात्र कोणी सांगत नाही. "आधी मायनस काढा" एवढं पाठ असतं. का, ते माहीत नसतं. आणि कारण माहीत नसलं की घाईच्या वेळी क्रम हमखास उलटा होतो. वर्गात आपण हेच पाहतो ना? हातच्याचं कारण न समजता पाठ केलेली बेरीज परीक्षेत चुकते. इथे मात्र गुण जात नाहीत, हात भाजतो.

म्हणून आजचा पाठ गाडीच्या बॅटरीचा. मोठ्यांसाठी तो कामाचा आहेच, शिवाय तिसरी-चौथीपासून आठवीपर्यंतच्या मुलांना विद्युत परिपथ शिकवताना यातला बराच भाग वापरता येतो. आठवीच्या सामान्य विज्ञानात लेड-आम्ल विद्युत घट अभ्यासक्रमातच आहे. त्याचं रोजचं उदाहरण म्हणजे आपल्या गाडीची बॅटरी.

१. बॅटरीच्या डब्यात काय असतं?

फ्रान्सचे शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ मध्ये लेड-आम्ल घट तयार केला. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी ही पहिली बॅटरी. आज दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये तेच तत्त्व वापरलं जातं.

- डब्यात ६ घट एका ओळीत जोडलेले असतात.
- प्रत्येक घट पूर्ण चार्ज असताना साधारण २.१ व्होल्ट देतो. ६ × २.१ = १२.६ व्होल्ट. म्हणून आपण तिला '१२ व्होल्टची बॅटरी' म्हणतो.
- घटात शिशाच्या आणि लेड डायॉक्साइडच्या पट्ट्या असतात, आणि त्या सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडालेल्या असतात.

गाडी काही तास बंद ठेवून मल्टिमीटरने मोजलं आणि १२.६ च्या आसपास आकडा आला, तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या आसपास आला तर ती साधारण अर्धी उरली आहे. १२ च्या खाली गेला तर ती जवळजवळ उतरलेली समजावी. इंजिन चालू असताना मात्र आल्टरनेटर बॅटरीला चार्ज करत असतो, त्यामुळे तेव्हा आकडा साधारण १३.८ ते १४.४ दिसतो. हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा, कधीतरी उपयोगी पडतील.

२. गाडी बंद असताना वीज कोण खातं?

हा पाठ घेताना वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "बाई, गाडी झोपलेली असताना तिला भूक कशी लागते?" प्रश्न किती छान आहे बघा! त्याला मी उलट विचारलं, "तू झोपलास की तुझा श्वास थांबतो का रे?"

गाडीचंही तसंच आहे. किल्ली काढल्यावरही घड्याळ चालू असतं. रिमोटची हाक ऐकायला सेंट्रल लॉक जागं असतं. चोरीची सूचना देणारा अलार्म, इंजिनचा कॉम्प्युटर, म्युझिक सिस्टीमची आठवण, हे सगळे थोडी थोडी वीज घेत राहतात. चांगल्या स्थितीतल्या गाडीत हा खर्च साधारण २० ते ५० मिलीअँपिअर असतो. बाहेरून बसवलेला जीपीएस किंवा डॅशकॅम असेल तर तो वाढतो.

आता पाचवीच्या मुलांना करता येईल असं गणित. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे आणि खर्च ५० मिलीअँपिअर, म्हणजे ०.०५ अँपिअर आहे.

३५ ÷ ०.०५ = ७०० तास
७०० ÷ २४ = साधारण २९ दिवस

म्हणजे महिन्याभरात भरलेली बॅटरी पूर्ण रिकामी! प्रत्यक्षात त्याच्या बरीच आधी अडचण येते, कारण स्टार्टर मोटरला इंजिन फिरवायला एका दमात १०० अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो आणि अर्धी उतरलेली, त्यातून जुनी बॅटरी तो देऊ शकत नाही. म्हणून १५ दिवस उभी राहिलेली गाडीही कधी कधी रुसून बसते.

बॅटरी बराच काळ उतरलेल्या अवस्थेत राहिली तर शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. मग ती चार्ज केली तरी पहिल्यासारखी होत नाही. एका सुट्टीत नवी बॅटरी घ्यायची वेळ येते ती यामुळे.

३. बॅटरी कधी सोडवावी आणि कधी नको?

सोडवावी:
- गाडी महिनाभर किंवा जास्त उभी राहणार असेल तेव्हा.
- वायरिंग, स्टार्टर किंवा आल्टरनेटरचं काम करायचं असेल तेव्हा.
- गाडीच्या बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तेव्हा.
- बॅटरी बदलायची असेल तेव्हा.

नको:
- आठ-दहा दिवसांचाच प्रश्न असेल तर.
- घरातलं कोणी आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास फिरवून आणू शकत असेल तर. हा सगळ्यात सोपा उपाय. नुसती जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करणं मात्र कामाचं नाही. सुरू करताना खर्च झालेली वीजही तेवढ्यात भरून निघत नाही.
- बॅटरी फुगलेली, तडा गेलेली किंवा गळत असेल तर. तिला आपण हात लावायचा नाही, मेकॅनिकला बोलवायचं.

४. काम सुरू करण्याआधी

१. अंगावरचा धातू काढून ठेवा. अंगठी, घड्याळ, कडं, बांगड्या, गळ्यातली चेन. भगिनींनो, वाकताना मंगळसूत्र पुढे लोंबतं. ते काढायचं नसेल तर ड्रेसच्या किंवा ब्लाउजच्या आत नीट खोचा आणि वर ओढणी किंवा पदर घट्ट बांधा. अंगठी बॅटरीचं टोक आणि पाना यांच्या मध्ये आली तर ती क्षणात तापते आणि बोटातून काढताही येत नाही.

२. जागा मोकळी हवेची असावी. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपासून पुढे गेलं की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून जवळ उदबत्ती, विडी-सिगारेट, काडेपेटी काही नको. अंधारात बघायला काडी पेटवणं तर मुळीच नको, टॉर्च घ्या.

३. डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी हातमोजे घाला. आत आम्ल आहे हे विसरू नका. त्वचेवर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर निदान १५ ते २० मिनिटं वाहत्या स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. डोळ्यात सोडा किंवा दुसरं काहीही घालू नका.

४. लहान मुलं लांब. त्यांना दाखवायचं असेल तर चार पावलांवर उभं करून दाखवा, पाना त्यांच्या हातात नको.

५. किल्ली खिशात. बॅटरी सुटली की रिमोट चालत नाही, सेंट्रल लॉक चालत नाही. काही गाड्यांत डिकीही विजेवर उघडते. किल्लीने दार हाताने उघडतं का ते आधीच पाहून ठेवा आणि एक काच थोडी खाली घ्या. बॅटरी डिकीत असलेली गाडी असेल तर डिकी बंद करू नका, नाहीतर बॅटरी आत आणि आपण बाहेर!

६. म्युझिक सिस्टीमला कोड आहे का ते पाहा. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या गाड्यांत, वीज गेल्यावर सिस्टीम कोड मागते. तो गाडीच्या पुस्तिकेत किंवा कार्डावर असतो. आधी शोधून ठेवा.

५. आधी वजाच का? थाळीचा प्रयोग

आता पाठाचा गाभा. हा प्रयोग घरी किंवा वर्गात सहज होतो.

साहित्य: १.५ व्होल्टचा एक पेन्सिल सेल, टॉर्चचा लहान बल्ब (१.५ व्होल्टवर लागणारा), वायरचे तीन तुकडे, चिकटपट्टी आणि एक स्टीलची थाळी.

कृती:
- सेलच्या वजा टोकाला एक वायर लावून तिचं दुसरं टोक थाळीला चिकटवा.
- सेलच्या अधिक टोकाला दुसरी वायर लावून ती बल्बच्या एका टोकाला जोडा.
- बल्बच्या दुसऱ्या टोकाची वायर मोकळी ठेवा.

आता मोकळी वायर थाळीला कुठेही टेकवा. मध्यभागी, काठावर, उलट्या बाजूला. बल्ब लागतो! मुलांना गंमत वाटते. त्यांना विचारा, "वजा टोकाची वायर तर तिकडे लांब आहे, मग बल्ब इथे कसा लागला?" थोड्या वेळात कोणीतरी सांगतंच, "बाई, सगळी थाळीच वजा झाली आहे!"

शाब्बास. आपली गाडी म्हणजे ही थाळी. बॅटरीचं वजा टोक गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला परतीची वेगळी वायर न्यावी लागत नाही, बॉडीच परतीचा रस्ता होते. बॉनेट, इंजिन, बिजागरी, नट-बोल्ट, सगळं वजा.

आता समजा, आपण आधी अधिक टोकाचा नट सोडवायला घेतला. पाना लोखंडाचा. त्याचं एक टोक अधिकवर आहे, आणि फिरवताना दुसरं टोक शेजारच्या बॉडीला टेकलं. अधिक आणि वजा सरळ जोडले गेले, मध्ये बल्ब नाही, काही नाही. घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीतून साधारण ४ अँपिअर प्रवाह जातो. इथे पान्यातून शेकडो अँपिअर जातात. मोठी ठिणगी उडते, पाना तापतो, कधी टोकाला चिकटूनही बसतो. जवळ हायड्रोजन असला तर बॅटरी फुटू शकते.

आता थाळीपासून वजा वायर सोडवा आणि बल्बची मोकळी वायर पुन्हा थाळीला टेकवा. बल्ब लागत नाही. थाळी आता नुसती थाळी आहे. गाडीतही वजा वायर आधी सुटली की बॉडीचा बॅटरीशी संबंध संपतो. त्यानंतर अधिक टोक सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही.

आणि वजा टोक सोडवताना पाना बॉडीला लागला तर? काहीच नाही. पानाही वजा, बॉडीही वजा. म्हणून सुरुवात तिथून.

पालकहो, इथे मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मग शॉक बसतो का?" १२ व्होल्टने कोरड्या हाताला सहसा शॉक जाणवत नाही. धोका भाजण्याचा, आम्लाचा आणि स्फोटाचा आहे. पण हे सांगताना लगेच बजावून सांगा की घरातली वीज २३० व्होल्टची असते आणि ती जीव घेते. गाडीच्या बॅटरीचा नियम भिंतीतल्या प्लगला लावायचा नाही. आणि हा प्रयोग फक्त पेन्सिल सेलवर करायचा, गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर कधीच नाही.

६. बॅटरी सोडवण्याच्या पायऱ्या

१. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा. इंजिन, दिवे, एसी, म्युझिक सगळं बंद करा आणि किल्ली काढा.

२. बॉनेट उघडून आधाराची दांडी नीट अडकवा. मग पाच-दहा मिनिटं थांबा. गाडी बंद केल्यावरही आतले कॉम्प्युटर थोडा वेळ आपली आवराआवर करत असतात. त्यांना पूर्ण झोपू द्या.

३. अधिक आणि वजा ओळखा. वायरच्या रंगावर विसंबू नका, बॅटरीवरची + आणि − ही खूण बघा. अधिकचं टोक बहुधा थोडं जाड असतं आणि त्यावर लाल टोपण असतं.

४. वजा टोकाचा नट सैल करा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. नट पूर्ण काढायची गरज नाही. क्लॅम्प हाताने हलकेच डावी-उजवीकडे फिरवून वर उचला. हातोडी मारू नका, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. इंजिन सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत वजा टोकावरच बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो, तो नाजूक आणि महाग असतो.

५. सुटलेली वायर कोरड्या कापडात गुंडाळून बाजूला खोचून ठेवा. जाड वायर स्प्रिंगसारखी परत येऊन टोकाला टेकू शकते.

६. फक्त सुट्टीसाठी सोडवत असाल तर इथेच थांबा. अधिक वायर काढायची गरज नाही. बॉनेट हलकेच बंद करा आणि दार किल्लीने लावा.

७. बॅटरी बाहेरच काढायची असेल तर आता अधिक टोक सोडवा, मग बॅटरीला धरून ठेवणारी पट्टी काढा आणि दोन्ही हातांनी उभीच्या उभी उचला. लहान गाडीची बॅटरीसुद्धा साधारण १० किलोची असते. कंबरेतून वाकून नको, गुडघ्यात वाकून उचला. तिरकी करू नका.

घरात ठेवताना थंड, कोरड्या आणि मुलांचा हात न पोचणाऱ्या जागी ठेवा. "फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते" असं जुने लोक सांगतात. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना ते लागू नाही. उष्णतेने मात्र ती लवकर उतरते.

७. गाडीच्या कॉम्प्युटरवर काय परिणाम होतो?

वीज गेल्यावर गाडी काय विसरते आणि काय विसरत नाही? आपल्या शाळेतलं उदाहरण घेऊ. एक असते पाटी आणि एक असतं जनरल रजिस्टर. पाटीवरचं ओल्या फडक्याने जातं. जनरल रजिस्टरमधली नोंद वर्षानुवर्षं राहते. गाडीतही दोन प्रकारची स्मृती असते: एक वीज असेपर्यंतच टिकणारी, दुसरी विजेशिवायही टिकणारी.

पाटीवरचं, म्हणजे पुसलं जाणारं (सगळ्या गाड्यांत सगळं पुसलं जातंच असं नाही):

- घड्याळ, रेडिओची स्टेशनं, ट्रिप मीटर, सरासरी ॲव्हरेजचा आकडा.
- एका स्पर्शात वर-खाली होणाऱ्या काचांची सेटिंग. काच कुठे संपते हे गाडी विसरते. काही गाड्यांत मुलाचा हात मध्ये आला तर काच थांबवणारी सोयही पुन्हा सेट करेपर्यंत नीट काम करत नाही. लहान मुलं असलेल्या घरांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. सेटिंग होईपर्यंत मागच्या काचांना ड्रायव्हरच्या बटणाने लॉक लावा.
- इंजिनच्या कॉम्प्युटरने शिकलेल्या सवयी. हवा-पेट्रोलचं मिश्रण किती ठेवायचं, जागेवर उभं असताना इंजिन किती फिरवायचं, हे तो गाडी चालता चालता शिकत असतो. ते पुसलं की तो कंपनीने दिलेल्या मूळ आकड्यांवर परत येतो. म्हणून सुरुवातीला इंजिन थोडं थरथरतं किंवा ॲव्हरेज बदललेलं वाटतं.
- ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची शिकलेली सवय. काही दिवस गिअर बदलताना हलका झटका जाणवू शकतो.
- स्टिअरिंगचा मध्य. काही गाड्यांत यामुळे एबीएस किंवा ट्रॅक्शनचा दिवा लागलेला दिसतो.
- बिघाडांचे नोंदवलेले कोड. अनेक गाड्यांत हेही पुसले जातात.

रजिस्टरमधलं, म्हणजे टिकणारं: एकूण किलोमीटरचा आकडा आणि किल्लीची ओळख, म्हणजे इमोबिलायझर. हे सहसा विजेशिवायही सुरक्षित राहतं. "बॅटरी काढली की किल्ली बाद होते" ही भीती सर्वसाधारणपणे खरी नाही.

शेवटच्या पुसल्या जाणाऱ्या गोष्टीकडे, म्हणजे बिघाडाच्या कोडकडे, पुन्हा वळू. 'चेक इंजिन'चा दिवा लागला की बॅटरी काढून लावायची, दिवा जातो, असा एक उपाय सांगितला जातो. दिवा जातो, दुखणं राहतं. ताप आलेल्या मुलाचा थर्मामीटर झटकून ठेवण्यासारखंच ते. वर मेकॅनिकला मिळणारी माहितीही जाते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर याकडे खास लक्ष द्यावं. स्कॅनर लावून बघितल्यावर 'तपासण्या अपूर्ण' असं दिसलं, तर नुकतेच कोड पुसले गेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी गाडी काही दिवस चालवून पुन्हा स्कॅन करायला सांगा.

एअरबॅगबद्दल एक गोष्ट. बॅटरी सोडवल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठलेली असते. म्हणून बॅटरी काढली आहे या भरवशावर स्टिअरिंग किंवा डॅशबोर्ड स्वतः उघडायला जाऊ नका. ते काम शिकलेल्या माणसाचं.

८. पुन्हा जोडताना

क्रम उलटा: आधी अधिक, शेवटी वजा. कारण तेच. अधिक घट्ट करताना बॉडी वजा झालेली नसावी.

१. टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया होऊन फेस येतो. सातवी-आठवीच्या मुलांना लांबून हा फेस जरूर दाखवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या टोपणांतून आत जाऊ देऊ नका. मग स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.

२. किल्ली गाडीबाहेर, सगळी बटणं बंद.

३. अधिक क्लॅम्प पूर्ण खाली बसवून नट आवळा, टोपण लावा.

४. वजा क्लॅम्प एकाच झटक्यात बसवा. बारीक ठिणगी दिसू शकते, घाबरू नका. टेकव-काढ, टेकव-काढ मात्र करू नका. प्रत्येक वेळी कॉम्प्युटरला वीज मिळते आणि जाते, ते त्याला मानवत नाही. अलार्म वाजला तर रिमोटने बंद करा. क्लॅम्प हाताने हलता कामा नये. दोन्ही टोकांना थोडी पेट्रोलियम जेली लावा.

५. एसी बंद ठेवून इंजिन सुरू करा आणि ॲक्सिलरेटर न दाबता काही मिनिटं चालू द्या. मग शांतपणे १५-२० किलोमीटर चालवा. इंजिन हळूहळू आपली सवय परत शिकतं.

६. काचा: बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवलं की सेटिंग होतं. आपल्या गाडीची नेमकी पद्धत पुस्तिकेत बघा.

७. स्टिअरिंगशी संबंधित दिवा बहुधा थोडं सरळ अंतर चालवल्यावर जातो. नाही गेला, तर वर्कशॉपमध्ये दाखवा.

९. इंजिन चालू असताना कधीही नाही

काही जुन्या मेकॅनिकांची एक सवय होती. आल्टरनेटर चालतो का ते बघायला इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर ओढायची. गाडीत कॉम्प्युटर नव्हते तेव्हा ते खपून गेलं. आता नाही. आल्टरनेटर बॅटरीला वीज देत असताना बॅटरी अचानक बाजूला झाली, तर ती वीज जाणार कुठे? क्षणभर व्होल्टेज अनेक पटींनी उसळतं आणि इंजिनचा कॉम्प्युटर, म्युझिक सिस्टीम, सेन्सर यांना धक्का बसतो. कोणी असं करायला लागलं तर नम्रपणे पण ठामपणे थांबवा. "मीटर लावून बघा ना भाऊ" एवढं म्हटलं तरी पुरे.

१०. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्या

या गाड्यांतही सहसा एक लहान १२ व्होल्टची बॅटरी असते. पण त्यांची मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची असते आणि तिच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात. नारिंगी केबलला हात लावायचा नाही. मुलांनाही हे आत्ताच शिकवा, त्यांच्या मोठेपणी रस्त्यावर अशाच गाड्या असतील. लांब सुट्टीसाठी काय करायचं ते पुस्तिकेत वाचा किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा.

११. जुनी बॅटरी कुठे द्यायची?

जुनी बॅटरी घराच्या मागे पडू देऊ नका आणि ती फोडून शिसं काढणाऱ्याला देऊ नका. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला फार घातक आहे. शरीरात त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. मातीत सांडलेलं शिसं खेळणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जातं. आपल्या देशात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, त्याचे पैसेही वजा होतात.

मुलांसाठी प्रश्न

१. गाडीची बॉडी कोणत्या टोकाला जोडलेली असते? थाळीच्या प्रयोगावरून सांगा.
२. बॅटरी ४० अँपिअर-तासांची आणि खर्च ०.०४ अँपिअर असेल तर ती किती तासांत रिकामी होईल? किती दिवसांत?
३. सोडवताना आधी वजा आणि जोडताना शेवटी वजा, या दोन्हींचं कारण एकच कसं?
४. गाडीतल्या कोणत्या गोष्टी 'पाटीवर' आणि कोणत्या 'रजिस्टरमध्ये' असतात? दोन-दोन उदाहरणं द्या.
५. टोकावरची पूड काढायला सोडाच का वापरायचा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर १००० तास, म्हणजे ४१ दिवसांहून थोडं जास्त. तिसऱ्याचं उत्तर मुलांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या. "अधिकला पाना लावलेला असेल तेव्हा बॉडी बॅटरीला जोडलेली नको" एवढं ज्याला सांगता आलं, त्याला क्रम वेगळा पाठ करावा लागणार नाही.

या सुट्टीत गाडी उभी ठेवणार असाल तर एकदा मुलांना चार पावलांवर उभं करून हे काम त्यांच्यासमोर करा, आणि प्रत्येक पायरीला त्यांनाच विचारा, "आता पुढे काय? आणि का?" तुमच्या वर्गात थाळीचा प्रयोग केलात तर मुलांनी काय उत्तरं दिली ते नक्की कळवा.